गॅस्ट्रिक बँड शस्त्रकर्मानंतर वजन किती उतरते?

स्थौल्याचा रुग्ण वैद्याकडे येतो तो बहुधा अनेक उपाय करून थकल्यानंतर. उपवास, व्यायामशाळा, जाहिरातीतील चूर्णे हे सर्व झालेले असते. अशा रुग्णांमध्ये काही जण असेही आढळतात की ज्यांच्या आमाशयाभोवती शस्त्रकर्माने सिलिकोनचा बँड बसविलेला असतो. कोणी ऑस्ट्रेलियात अथवा अमेरिकेत नोकरीस असताना, तर कोणी आपल्याकडील मोठ्या शहरात हे शस्त्रकर्म करून घेतलेले असते. त्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो: "एवढा खर्च केला, पोटाची शस्त्रक्रिया झाली, तरी वजन म्हणावे तसे का उतरले नाही?" उत्तर देण्यापूर्वी 'म्हणावे तसे' म्हणजे किती, हे आपणास ठाऊक असणे अगत्याचे आहे. ते ठाऊक नसेल तर आपण एक तर यथायोग्य फळ दिलेल्या शस्त्रकर्मास निष्फळ ठरवितो, किंवा ज्या रुग्णास तातडीने शल्यचिकित्सकाकडे पाठवावयास हवे त्यास पाचक चूर्ण देऊन घरी पाठवितो.

आमाशयाच्या अगदी वरच्या भागाभोवती, अन्ननलिकेच्या तोंडाखाली, हा बँड वलयाप्रमाणे बसविला जातो. त्याच्या आतील बाजूस एक पोकळ फुगा असून तो बारीक नळीने उदराच्या त्वचेखाली बसविलेल्या छोट्या डबीशी, म्हणजे पोर्टशी, जोडलेला असतो. पोर्टमध्ये विशिष्ट सुई घालून लवणजल भरले की वलय आवळते, काढून घेतले की सैल होते. बँडच्या प्रकारानुसार त्यात ४ पासून सुमारे १४ मि.लि. पर्यंत द्रव मावतो. आमाशय कापले जात नाही, आतड्याचा मार्ग बदलला जात नाही. फुगविता येणारा बँड अमेरिकेत कुझमाक यांनी १९८६ मध्ये वापरात आणला, दुर्बिणीद्वारे तो बसविण्याचे पहिले शस्त्रकर्म बेल्जियममध्ये बेलाशू यांनी १९९३ मध्ये केले, आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्यास जून २००१ मध्ये मान्यता दिली. पुढील दशकात त्याचा मोठा बोलबाला झाला. २०११ मध्ये अमेरिकेतील स्थौल्याच्या शस्त्रकर्मांपैकी सुमारे ३५ टक्के बँडची होती. २०१९ पर्यंत हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आले, कारण त्याची जागा स्लीव्ह म्हणजे आमाशयाचा मोठा भाग कापून काढण्याच्या शस्त्रकर्माने घेतली. नवीन बँड आता क्वचितच बसविला जातो. मात्र ज्यांना तो पूर्वी बसविला गेला, ते रुग्ण आपल्यात वावरत आहेतच.

अपेक्षेचे गणित

या विषयातील बहुतेक गैरसमज एका शब्दप्रयोगातून निर्माण होतात. शल्यचिकित्सक सांगतात, "पन्नास टक्के वजन उतरेल." रुग्ण ऐकतो की ११० किलोचे ५५ होतील. वास्तविक हे पन्नास टक्के एकूण वजनाचे नसून अतिरिक्त वजनाचे असतात.

उदाहरण घेऊ. १६० सें.मी. उंचीच्या एका स्त्रीचे वजन ११० किलो आहे. देहभारांक, म्हणजे किलोमधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारी संख्या, ४३ येते. देहभारांक २५ हा आदर्श धरला तर तिचे आदर्श वजन ६४ किलो, म्हणून अतिरिक्त वजन ४६ किलो. त्याचे पन्नास टक्के म्हणजे २३ किलो. सर्व काही उत्तम पार पडल्यास ही स्त्री ८७ किलोवर स्थिरावेल आणि तिचा देहभारांक ३४ राहील. आरशात पाहिले तर ती अजूनही स्थूलच दिसेल. शेजारीपाजारी विचारतील, "शस्त्रक्रिया करून एवढेच?" परंतु एकूण वजनाच्या २१ टक्के उतरलेले आहे, आणि बँडकडून मिळू शकणारे हे चांगले फळ आहे. भारतीयांसाठी देहभारांकाची सामान्य मर्यादा २३ मानावी असे आपल्याकडील तज्ज्ञांचे मत आहे. तो हिशेब लावला तर अतिरिक्त वजन ५१ किलो होते, आणि तेच २३ किलो अवघे ४५ टक्के ठरतात. देहात काही फरक नाही, फक्त भाजक बदलला. म्हणून रुग्णाशी बोलताना टक्के बाजूस ठेवून किलोत बोलावे, हे बरे.

प्रकाशित आकडेही याच मर्यादेतले आहेत. अमेरिकेत मान्यतेसाठी झालेल्या चाचणीत तीन वर्षांनी सरासरी अतिरिक्त वजनाच्या ३६ टक्के उतरले. मेलबर्न येथील ओब्रायन व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये पंधरा वर्षांचा अनुभव प्रसिद्ध केला, त्यात हा आकडा ४७ टक्के होता. स्वीडनमधील मोठ्या अभ्यासात एकूण वजनाच्या भाषेत मोजणी झाली: पहिल्या एक-दोन वर्षांत बँडच्या रुग्णांचे सुमारे २० टक्के उतरले, दहा वर्षांनी त्यातील १४ टक्के टिकले. बायपास शस्त्रकर्मात हेच आकडे ३२ आणि २५ होते. उपकरणाचे तत्त्व तेच असताना मेलबर्न आणि अमेरिका यांत एवढे अंतर का? मेलबर्नमध्ये रुग्ण वारंवार बोलावले जात, लवणजलाचे प्रमाण पुन्हा पुन्हा जुळविले जाई. प्रस्तुत लेखकाच्या मते या शस्त्रकर्माचे मर्म येथेच आहे. बँड बसविणे ही चिकित्सेची सुरुवात असते. ज्याने पुढे पोर्टकडे फिरकून पाहिले नाही, त्याच्याबाबतीत तो वर्षानुवर्षे पोटात नुसता पडून राहतो.

दुसरा गैरसमज गतीविषयी. बायपास अथवा स्लीव्हनंतर पहिल्या सहा महिन्यांत वजन झपाट्याने उतरते. स्लीव्हमध्ये आमाशयाचा जो भाग काढला जातो तेथूनच भूक वाढविणारा घ्रेलिन हा स्राव मुख्यतः येतो. बँडमध्ये असे काही घडत नाही. पहिले चार ते सहा आठवडे तर वलय बहुधा रिकामेच ठेवतात, कारण जखम भरावयाची असते. द्रवाहार संपून घन आहार सुरू झाला की भूक पूर्ववत लागते आणि रुग्ण घाबरतो. त्यानंतर पहिले भरणे होते, आणि योग्य प्रमाण सापडेपर्यंत अनेक खेपा होतात. आठवड्यास अर्धा ते एक किलो ही समाधानकारक गती होय. सहा महिन्यांत बारा-तेरा किलो उतरलेला रुग्ण निराश होऊन आला, तर त्याचे सर्व ठीक चालले आहे असे निःशंकपणे सांगावे. उतार दोन, कधी तीन वर्षे चालतो.

शास्त्राच्या दृष्टीने

चरकसंहितेच्या विमानस्थानात कुक्षीचे तीन भाग कल्पून एक घन आहारास, एक द्रवास व एक दोषांस ठेवावा असे सांगितले आहे. बँड म्हणजे तेच यंत्राने साधणे, असे काही व्याख्यानांत ऐकू येते. ही तुलना आकर्षक असली तरी अपुरी आहे. सूत्रस्थानातील अष्टौनिंदितीय अध्यायात अतिस्थूलाची जी संप्राप्ती दिली आहे, त्यात मेदाने स्रोतसे रुद्ध झाल्यामुळे कोष्ठात संचार करणारा वायू अग्नी प्रदीप्त करतो, म्हणून अशा मनुष्यास भूक सहन होत नाही. बँड मात्रेवर बंधन घालतो व लवकर तृप्तीची जाणीव देतो. आहाराच्या गुणावर त्याचे कोणतेही नियंत्रण नाही. बासुंदी, श्रीखंड, आइस्क्रीम, गोड सरबते वलयातून विनासायास उतरतात, आणि कोरडी पोळी मात्र अडकते. म्हणूनच काही रुग्ण नकळत घन आहार सोडून मऊ, गोड, स्निग्ध पदार्थांकडे वळतात आणि वजन थांबते. गुरु व अपतर्पण आहार हा स्थौल्याचा जो उपक्रम त्याच अध्यायात आहे, त्याची गरज बँडनंतर संपत नाही, उलट वाढते. वैद्याचे खरे कार्यक्षेत्र हे आहे: घास लहान घेणे, सावकाश चर्वण, जेवताना पाणी न पिणे, भाकरी आमटीत मऊ कुस्करून खाणे, मुगाचे वरण, शिजवलेल्या भाज्या. संत्र्याच्या फोडी, शेवग्याच्या शेंगा, ताजा पाव यांपासून जपावे.

पंचकर्माविषयी मात्र स्पष्ट सांगणे भाग आहे. बँड असलेल्या रुग्णास वमन देऊ नये. जोराच्या उलटीने आमाशयाचा खालचा भाग वलयातून वर सरकू शकतो. हा बँडचा सर्वपरिचित उपद्रव आहे. सिद्धिस्थानात अवाम्यांच्या गणनेत अतिस्थूल आहेच. त्यास आता हे आणखी एक कारण मिळाले. वर्धमान मात्रेतील स्नेहपानही टाळावे. उद्वर्तन व अभ्यंग करताना पोर्ट कोठे आहे ते आधी विचारून घ्यावे व तेथे दाब देऊ नये. परिचारकास हे स्वतंत्रपणे सांगावे लागते. तो कठीण गाठ समजून ती चोळत बसतो.

आता धोक्याच्या खुणा. अधूनमधून घास अडकून वर येणे हे बहुधा घाईने खाल्ल्याचे फळ असते. परंतु पाणीसुद्धा न उतरणे, उलट्या न थांबणे, पोटात तीव्र वेदना, रात्री झोपेत आंबट पाणी घशाशी येऊन खोकला येणे, ही अम्लपित्ताची लक्षणे समजून अविपत्तिकर चूर्णावर रुग्णास आठवडाभर ठेवणे घातक आहे. वलय घसरून आमाशयाचा रक्तपुरवठा खंडित होऊ शकतो. अशा वेळी त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडे पाठवावे. पोर्टमधून द्रव काढून घेणे हा पहिला उपचार असतो. दीर्घकाळ उलट्या झाल्यास थायमिनची कमतरता येऊन मज्जातंतूंस इजा होते. पोर्टवरील त्वचा उशिराने लाल होणे, पू येणे, व त्याच सुमारास भुकेवरील बंधन अचानक नाहीसे होणे, यावरून बँड आमाशयाची भित्ती कुरतडून आत शिरल्याचा संशय घ्यावा. असा रुग्ण "हल्ली पुन्हा पूर्वीसारखे जेवण जाते" एवढेच सांगतो.

औषधविक्रेत्यांसाठी

मोठ्या गुग्गुळ वट्या अखंड गिळू देऊ नयेत. कुटून कोमट पाण्यातून घेण्यास सांगावे. आधुनिक गोळ्यांपैकी ज्या सावकाश विरघळणाऱ्या असतात त्या मात्र कुटू नयेत, चिकित्सकास विचारून पर्याय घ्यावा. इसबगोल कोरडे वा थोड्या पाण्यात घेतल्यास फुगून अडकते. अवलेह, आसव व अरिष्टे यांतील शर्करा हिशेबात धरावी. वेदनाशामक गोळ्या मागावयास आलेल्या बँडच्या रुग्णास परस्पर त्या देऊ नयेत. सर्वांत महत्त्वाचे हे की वजन व आहार घटल्यावर मधुमेहाची व रक्तदाबाची जुनी मात्रा अधिक ठरते. मेलबर्न येथेच झालेल्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नव्याने मधुमेह झालेल्या ६० रुग्णांचा अभ्यास झाला. बँड बसविलेल्या गटात दोन वर्षांनी ७३ टक्के रुग्णांचा मधुमेह आटोक्यात येऊन औषधे थांबली, केवळ औषधोपचाराच्या गटात हे प्रमाण १३ टक्के होते. असा रुग्ण दोन वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर ग्लिमेपिराइडची पट्टी घेऊन गेला, तर रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. चिठ्ठीची तारीख पाहण्याची सवय येथे प्राण वाचविते.

वजन मंदावले की रुग्ण हमखास विचारतो, "सोबत एखादे आयुर्वेदिक औषध दिले तर लवकर उतरेल ना?" लेखन द्रव्ये रुग्णपरत्वे द्यावयाची की नाही हे वैद्याने ठरवावे, पण त्यांच्या बळावर अमुक किलोचे आश्वासन देऊ नये. दुकानात तसा फलक लावणे तर कायद्यातही बसत नाही. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याच्या परिशिष्टात स्थौल्याचा स्पष्ट उल्लेख आहे. हल्ली सेमाग्लुटाइड व टिर्झेपाटाइड या साप्ताहिक इंजेक्शनांविषयी विचारणा होते. त्यांच्या मुख्य चाचण्यांत सव्वा ते दीड वर्षात सरासरी १५ ते २१ टक्के वजन उतरले, म्हणजे बँडच्या तोडीचे. परंतु ती बंद केल्यावर बरेचसे वजन परत येते. बँडच्या रुग्णाने ती परस्पर सुरू करू नयेत, कारण मळमळ व उलटी हे त्यांचे नेहमीचे उपद्रव आहेत.

दहा वर्षांनंतर

ब्रुसेल्समधील एका केंद्राने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात बारा वर्षे वा अधिक काळ लोटलेल्या रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांचा बँड काढावा लागला होता आणि ६० टक्क्यांना पुन्हा शस्त्रकर्म करावे लागले होते. मेलबर्नच्या चांगल्या अनुभवातही सुमारे चौघांपैकी एकास आमाशयाचा वरील भाग फुगल्यामुळे दुरुस्ती लागली. बँड काढल्यावर वजन बहुधा परत चढते, म्हणून पुढे स्लीव्ह वा बायपास करावे का याचा विचार होतो. तेव्हा जुना बँड असलेला रुग्ण आला की तीन गोष्टींची नोंद करावी: शस्त्रकर्माचे वर्ष, शेवटचे भरणे केव्हा झाले, आणि सध्या किती द्रव भरलेला आहे. परदेशात शस्त्रकर्म झालेल्यांकडे बँडचा प्रकार लिहिलेले छोटे कार्ड असते. त्याची प्रत आपल्या रुग्णपत्रिकेस जोडून ठेवावी. अपत्यासाठी चिकित्सा घेणाऱ्या स्त्रीस हे प्रश्न आवर्जून विचारावेत. वजन उतरल्यावर आर्तव नियमित होऊन गर्भधारणा अनपेक्षितपणे लवकर होऊ शकते. शस्त्रकर्मानंतरचे पहिले वर्ष-दीड वर्ष ती टाळावी असा सल्ला देतात, आणि गर्भिणीस उलट्या होऊ लागल्या वा पोषण कमी पडू लागले तर बँड सैल करून घ्यावा लागतो.