ओकच्या पिंपांतील द्राक्षांची ब्रँडी : ती कशी होते व कशी घ्यावी

फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास काळीं द्राक्षें स्वस्त झालीं कीं आमच्या साष्टी बेटांत, म्हणजे आजच्या मुंबई उपनगरांत, अंधेरीकडील मरोळ, बोरिवलीकडील गोराई अशा जुन्या गांवठाणांतील ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांत बरण्या धुवून वाळत घातल्या जातात. हे लोक मूळचे भातशेती करणारे, मराठी बोलणारे व याच मातींतले. द्राक्षें कुसकरून, त्यांत साखर व किण्व घालून तीं आंबवितात, आणि गाळून मुरत ठेवलेलें तें आसव नाताळांत पाहुण्यांपुढें येतें. त्यांत द्राक्षच असतें, कारण तें घरच्या माणसांनीं स्वतः कुसकरलेलें असतें.

त्याच उपनगरांत पुष्कळ घरांच्या कपाटांत थंडीपडशावर म्हणून ब्रँडीची लहान बाटलीही ठेवण्याची चाल आहे. ब्रँडी म्हणजे द्राक्षांचा अर्क, अशी सर्वांची समजूत. परंतु आपल्या देशांत ब्रँडीच्या नांवानें खपणाऱ्या मालापैकीं बराच मोठा भाग उसाच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्कास रंग व वास देऊन केलेला असतो. नांव द्राक्षाचें आणि माल मळीचा! द्राक्षबागाइतदारास या गोष्टीचा विचार करणें प्राप्त आहे. यास्तव खरी ब्रँडी कशी असते, ती कशी ओळखावी व कशी घ्यावी, हें आम्ही येथें सांगतों. मद्य न घेणाऱ्या वाचकांनींही हा लेख आपल्या मालाच्या दृष्टीनें वाचावा.

उदाहरणासाठीं आम्ही सर्बिया हा युरोपांतील लहान देश घेतला आहे, कारण तेथें फळांचें मद्य हा शेतकऱ्याच्या घरचा विषय आहे. फळापासून गाळलेल्या मद्यास तेथें ‘राकिया’ म्हणतात. आलुबुखाऱ्याची ती ‘श्लिवोवित्सा’. तिच्याशीं निगडित रीतिरिवाज व ज्ञान यांस 2022 सालीं युनेस्कोच्या वारसा-यादींत स्थान मिळालें. द्राक्षांची ती ‘लोझोवाचा’. ‘लोझा’ म्हणजे द्राक्षवेल. वाइन गाळून व ओकच्या पिंपांत मुरवून केलेल्या ब्रँडीस तिकडे ‘विन्याक’ म्हणतात, आणि क्रुशेवात्स येथील रुबिन कारखान्याचा विन्याक त्या देशांत सर्वपरिचित आहे. जवळचा झुपा प्रांत द्राक्षमळ्यांबद्दल जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे.

कृतीचें तत्त्व सोपें आहे. द्राक्षें आंबवून वाइन झाली कीं ती तांब्याच्या हंड्यांत तापवितात. मद्यार्क सुमारें 78 अंश सेल्सिअसवर उकळतो, म्हणजे पाण्याच्या आधीं. त्यामुळें वाफेंत त्याचें प्रमाण अधिक असतें. ती वाफ गार पाण्यांतील नळींतून नेली कीं थेंबथेंब मद्य गळूं लागतें. पहिली धार उग्र व नाकास झोंबणारी असते. ती बाजूस काढतात. मधली धार तेवढी ठेवावयाची. शेवटची धार पाणचट व आंबूस वासाची असते. तीही वेगळी करतात. बहुतेक ठिकाणीं हा माल दुसऱ्यांदा गाळतात. या रीतीनें गुण जसे एकवटतात तसे दोषही एकवटतात. सडक्या द्राक्षांचा वास वाइनींत थोडा असेल तर ब्रँडींत तो दुणावतो. ‘खराब माल भट्टींत घाला’ हा विचार म्हणून चुकीचा आहे.

या वेळीं मद्य पाण्यासारखें स्वच्छ व स्वभावानें तिखट असतें. पुढचें काम लांकडाचें. ओकच्या फळ्या विस्तवावर शेकून वांकवितात व त्यांचें पीप बांधतात. शेकल्यामुळें लांकडांत व्हॅनिलासारख्या वासाचीं द्रव्यें तयार होतात. तीं व लांकडांतील तुरट अंश मद्यांत हळूहळू उतरतात आणि सोनेरी रंग येतो. लांकडाच्या सूक्ष्म छिद्रांतून किंचित् हवा आंत शिरते व मद्याचा तिखटपणा मोडतो. चिनी मातीच्या बरणीला हें साधत नाहीं, कारण ती श्वास घेत नाहीं. मात्र ज्या छिद्रांतून हवा आंत येते त्यांतूनच मद्य उडूनही जातें. थंड देशांत ही घट वर्षाला सुमारें 2 टक्के असते. उष्ण देशांत माल लवकर मुरतो, पण घटही कितीतरी अधिक होते.

हिशेब करून पाहावा. 100 किलो द्राक्षांपासून सुमारें 70 लिटर वाइन होते. तींत मद्यार्क 10 टक्के धरल्यास शुद्ध मद्यार्क 7 लिटर, आणि 40 टक्क्यांच्या ब्रँडीच्या मापानें साडेसतरा लिटर. पहिल्या व शेवटच्या धारेची तूट आणि थंड देशांतील पांच वर्षांची घट वजा जातां हातीं 14 लिटर लागतात. म्हणजे एका लिटरास सात किलो द्राक्षें व पांच वर्षें! मळीच्या मद्यार्कास यांतलें कांहींच लागत नाहीं. दोहोंच्या किंमतींत फरक कां, हें यावरून कळेल.

आतां घेण्याची रीत. पोटाशीं फुगीर व तोंडाशीं निमुळता असा कांचेचा पेला घ्यावा. वास त्यांत कोंडून राहतो. त्यांत 30 मिलिलिटरहून अधिक ओतूं नये. सर्बियांत राकिया नुसतीच, लहान पेल्यांतून, घोटघोट घेतात. तीत सोडा वा सरबत मिसळीत नाहींत. आमच्याकडील उन्हाळ्यांत बाटली थोडी गार करून घ्यावी. बर्फ घातल्यास वास मरतो. पेला नाकाशीं एकदम न लावतां थोडा दूर धरावा, मग लहान घोट जिभेवर फिरवावा. झोंबल्यास पाण्याचे चार थेंब घालावे. सोबत अक्रोड, बदाम, सुकें अंजीर किंवा आपलाच बेदाणा चांगला. बाटली उभीच ठेवावी. आडवी ठेवल्यास मद्य बुचास खातें. बाटलींत ब्रँडी मुरत नाहीं. वय वाढतें तें पिंपांतच.

पारख करतांना रंगावर विसंबूं नये; जळक्या साखरेनें वाटेल तो रंग येतो. तळहातावर थेंब चोळून हुंगावा. मद्यार्क उडाल्यावर फळाचा व लांकडाचा वास मागें राहिला तर माल बरा. कांहींच न राहिलें तर समजावें. रिकामा पेला सकाळीं हुंगणें ही त्याहून चांगली कसोटी. आणि बाटलीवरील चिठ्ठी वाचावी: ‘द्राक्ष ब्रँडी’ आणि ‘मिश्र ब्रँडी’ हे भिन्न प्रकार आहेत.

दोन इशारे देणें आमचें कर्तव्य आहे. ब्रँडीनें ऊब येते ती कातडीपुरती; शरीरांतील उष्णता उलट बाहेर पडते. तान्ह्या मुलांस चमचाभर ब्रँडी देण्याची चाल अपायकारक असून ती बंद झाली पाहिजे. दुसरें, कोणीही घरीं भट्टी लावूं नये व चोरटी दारू घेऊं नये. 2015 च्या जून महिन्यांत मालाडच्या मालवणींत विषारी दारूनें शंभराहून अधिक माणसें मेलीं. त्या दारूंत मेथिल मद्यार्क होता, आणि तो जिभेस ओळखूं येत नाहीं. महाराष्ट्रांत परवान्यावांचून मद्य गाळणें गुन्हा आहे, आणि तीव्र मद्य घेण्यास वयाचीं 25 वर्षें पुरीं असावीं लागतात.

आमच्या बागाइतदारास यांतून काय घ्यावयाचें? एप्रिलची खरड छाटणी व ऑक्टोबरची गोडी छाटणी करून वर्षभर वेल राखावा, आणि काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस पडून मणी तडकावे, हा अनुभव नाशिक-सांगलीकडे कोणास नाहीं? आपल्याकडे सर्वत्र लावलेल्या थॉमसन सीडलेस जातीचीच ब्रँडी कॅलिफोर्नियांत मोठ्या प्रमाणावर होत आली आहे. नाशिकच्या सुला कंपनीनेंही केवळ द्राक्षांची, ओकमध्यें मुरविलेली ब्रँडी काढून दाखविली आहे. पिंपें, परवाने व पांच वर्षें अडकून पडणारें भांडवल हें एकट्यादुकट्याचें काम नव्हे. तें संघानें किंवा मोठ्या वाइनरीनेंच करावें. पण गिऱ्हाइकानें दुकानांत ‘ही कशाची?’ एवढें विचारण्यास भांडवल लागत नाहीं. हा प्रश्न जितक्या तोंडून निघेल तितकी द्राक्षाच्या नांवाची किंमत द्राक्ष पिकविणाऱ्याच्या पदरीं पडण्याचा संभव वाढेल, असें आम्हांस वाटतें.