हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला? विकिपीडियावर तारखा जुळवून पाहा

दरवर्षी १८ ऑगस्टच्या आसपास एक मेसेज हमखास फिरतो : ‘हेलियमचा शोध आपल्या कोकणातल्या विजयदुर्ग किल्ल्यावर लागला.’ किल्ल्यावर त्या दिवशी हेलियम दिनही साजरा होतो. मेसेज पुढे पाठवण्याआधी विकिपीडियावर एका लेखातून दुसऱ्या लेखात जात तारखा तपासल्या, तर त्यातलं खरं किती हे दहा मिनिटांत कळतं.

पहिला लेख : हेलियम

फुग्यात भरतात तोच हा वायू. एमआरआय मशीनमधलं चुंबक थंड ठेवण्यासाठी तो द्रवरूपात वापरतात, तापमान सुमारे उणे २६९ अंश सेल्सिअस. पृथ्वीवर सापडण्याआधी त्याचा माग सूर्यावर लागला. प्रत्येक मूलद्रव्याच्या प्रकाशात ठरावीक रेषा असतात, एखाद्या बारकोडसारख्या. १८६८ मध्ये सूर्याच्या वर्णपटात एक पिवळी रेषा दिसली. आधी ती सोडियमची वाटली, पण तिची जागा सोडियमच्या दोन रेषांशी जुळेना. मग हे नवंच मूलद्रव्य असावं असं मानून सूर्याच्या ग्रीक नावावरून, म्हणजे ‘हेलिओस’वरून, त्याला हेलियम म्हटलं गेलं.

दुसरा लेख : १८६८ चं ग्रहण

१८ ऑगस्ट १८६८ ला भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसलं. फ्रेंच शास्त्रज्ञ ज्यूल्स जान्सन हे आंध्रातल्या गुंटूरला होते. जॉन हर्शेल हे लष्करी अधिकारी पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात दुर्बीण लावून बसले होते. याच ग्रहणाचं गणित सयामचे राजे मोंगकुट यांनी स्वतः मांडलं होतं. ते पाहायला दलदलीच्या भागात गेले, तिथे त्यांना मलेरिया झाला आणि १ ऑक्टोबरला त्यांचं निधन झालं. एका लिंकवरून असं कुठल्या कुठे जाता येतं. पण आपल्याला हवंय ते नाव या यादीत नाही : नॉर्मन लॉकियर.

तिसरा लेख : नॉर्मन लॉकियर

मेसेजमध्ये ज्यांचं नाव असतं ते हेच. १८६८ मध्ये मात्र ते इंग्लंडमध्ये होते, युद्ध खात्यात कारकुनी करत फावल्या वेळात सूर्याचा अभ्यास करत होते. २० ऑक्टोबर १८६८ ला त्यांनी ग्रहण नसतानाच सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट टिपला आणि ती पिवळी रेषा त्यांना इंग्लंडमधूनच दिसली. पुढे १८९५ मध्ये विल्यम रॅम्से यांनी लंडनमध्ये युरेनियमच्या एका खनिजातून हेलियम वेगळा काढला.

मग विजयदुर्ग आला कुठून?

उत्तर आहे २२ जानेवारी १८९८ या तारखेत. त्या दिवशीचं खग्रास सूर्यग्रहण पाहायला लॉकियर खरंच विजयदुर्गावर आले होते. ब्रिटिश युद्धनौका ‘मेलपोमिनी’वरचे खलाशी त्यांच्या मदतीला होते. किल्ल्यावरच्या ‘साहेबाच्या ओट्यां’शी त्यांचंच नाव जोडलं जातं. तेच शास्त्रज्ञ, तसंच ग्रहण, तोच सूर्य. मधली ३० वर्षं मेसेजमधून गळाली आणि दोन घटनांची एक झाली. लॉकियर किल्ल्यावर पोहोचले तेव्हा हेलियम प्रयोगशाळेत सापडून ३ वर्षं होत आली होती.

तुम्ही तपासताना काय पाहाल?

• वाक्याशेजारी छोट्या अंकाची तळटीप आहे का? ती उघडा. मूळ अहवालाचा दाखला आणि बातमीचा दाखला यांचं वजन सारखं नसतं.
• दावा एका लेखात असेल, तर त्या व्यक्तीचा आणि त्या घटनेचा असे दोन्ही लेख पाहा. त्या तारखेला ती व्यक्ती तिथे होती का?
• मराठी आणि इंग्रजी लेख वेगळं सांगत असतील, तर लेखाचं ‘चर्चा’ पान वाचा. वाद असेल तर बहुतेकदा तिथे दिसतो.
• लेख कोणीही बदलू शकतं. ‘इतिहास’ या टॅबमध्ये वाक्य कधी आलं ते कळतं.

किल्ल्याचा मान यामुळे कमी होत नाही. हेलियमचं नाव ज्यांच्याशी जोडलं जातं, त्या शास्त्रज्ञाने सूर्य पाहण्यासाठी निवडलेली ही जागा आहे. यंदा मेसेज पाठवायचाच असेल, तर असा पाठवा : ‘हेलियमची रेषा ओळखणारे लॉकियर १८९८ मध्ये ग्रहण पाहायला विजयदुर्गावर आले होते.’