चित्रापुढे बसून गप्पा

न्यूयॉर्कच्या 'म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट'ने, म्हणजे मोमाने, २००६ साली स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी आणि त्यांना सांभाळणाऱ्यांसाठी 'मीट मी ॲट मोमा' हा उपक्रम सुरू केला. महिन्यातून एका मंगळवारी, संग्रहालय इतरांसाठी बंद असताना, छोटे गट दालनांत जात. दीड तासात मोजकीच चित्रं, तीही निवांत बसून बघायची.

समजा, समोर अँड्र्यू वायथचं 'ख्रिस्टिनाज वर्ल्ड' (१९४८) आहे. फिक्या गुलाबी पोशाखातली एक बाई माळावर पाठमोरी, दूर चढावर घर. मार्गदर्शक चित्रकाराचं नाव विचारत बसत नाही. काय काय दिसतंय, ही बाई कुठे बघत असेल, तिच्या मनात काय असेल, असं विचारतो. यांतलं कुठलंच उत्तर चुकत नाही, आणि सगळं मर्म इथेच आहे. अल्झायमरमध्ये सहसा अलीकडच्या गोष्टी आधी निसटतात. भावना आणि आवडनिवड बराच काळ टिकू शकते. 'सकाळी काय खाल्लं?' या प्रश्नापुढे ओशाळणारा माणूस इथे मोकळेपणी बोलू शकतो.

याने आजार बरा होत नाही. पण न्यूयॉर्क विद्यापीठाच्या अभ्यासात रुग्ण आणि सांभाळणारे, दोघांचंही मन या भेटींनंतर प्रसन्न झालेलं आढळलं. मला यातला सांभाळणाऱ्यांचा भाग फार मोलाचा वाटतो. रात्रंदिवस औषधं, अंघोळ, जेवण बघणाऱ्या बायकोला तेवढा वेळ नवऱ्याशी नुसत्या गप्पा मारता येतात. मोमाने ही पद्धत पुस्तकरूपातही आणली. छापील चित्रं घेऊन घरी किंवा वृद्धाश्रमातही ती वापरता येते.