नाक्यावरचा भाव कोण पाडतो?

सकाळी आठच्या आत कल्याण-डोंबिवलीतल्या कुठल्याही मजूर नाक्यावर जा. ठेकेदार मोटरसायकलवरूनच विचारतो, "बिगारी कितने में?" कोणीतरी आकडा सांगतो, पलीकडचा पन्नास रुपये कमी बोलतो आणि सौदा मोडतो किंवा जुळतो. परप्रांतीय आले की मजुरी पडते, ही तक्रार इथे खरी ठरते.

पण पडते कोणाची? तेच घमेले उचलणाऱ्याची. नाक्यावर तो बहुतेकदा मराठवाड्यातून आलेला, म्हणजे स्वतःच कालचा नवखा असतो. गवंड्याचे उलट आहे. हाताखाली बिगारी मिळाले की त्याचे काम वाढते. इमारती उठतात, तसे सुपरवायझर, हार्डवेअरवाले, टेम्पोवाले लागतात. आलेला माणूस जेवतो, खोली घेतो. शेजारच्या दिव्यात चाळ बांधलेल्याचे त्याने भले होते, तिथल्या जुन्या भाडेकरूला मात्र भाडेवाढ सोसावी लागते.

याबाबत अर्थतज्ज्ञांचा लाडका दाखला मायामीचा. 1980 मध्ये क्यूबातून अमेरिकेत सुमारे सव्वा लाख लोक आले, त्यांपैकी बरेच याच शहरात राहिले. डेव्हिड कार्ड यांना स्थानिकांच्या मजुरीत घट दिसली नाही. जॉर्ज बोर्हास यांनी नंतर फक्त कमी शिकलेले पुरुष वेगळे काढले, तेव्हा मोठी घट दिसली. हा वाद अजून मिटलेला नाही.

सरकारी नोकरीचा हिशेब मात्र वेगळा. तिथे जागा मोजक्या. एक आत गेला की दुसरा बाहेर. 2008 मध्ये रेल्वे भरतीवरून मुंबई परिसरात परप्रांतीय उमेदवारांना मारहाण झाली, त्यामागचा राग या टंचाईतून आला होता. मारहाणीने एकही जागा वाढली नाही.

2020 च्या टाळेबंदीत मजूर गावी गेले. राज्याने जुलैत स्थानिकांसाठी 'महाजॉब्स' संकेतस्थळ काढले. तरीही बिल्डरांनी तिकिटे काढून जुनेच मजूर परत आणले, कारण सेंट्रिंगचे काम महिन्याभरात शिकून होत नाही.

आणि कल्याणजवळच्या मोहोन्याची एनआरसी ही रेयॉन कंपनी 2009 मध्ये बंद पडली, हजारोंची कायम नोकरी गेली. ती कोणा भय्याने नेली नाही.

1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यातच, एकाच कामाला परप्रांतीयाला स्थानिकापेक्षा कमी मजुरी देऊ नये, अशी तरतूद होती. स्थानिक बिगाऱ्याचा भाव राखायचा असेल, तर ठेकेदाराचा हजेरीपट तपासा.