लोणारचे विवर : काठावरून आणि तळातून

लोणारचे सरोवर ज्वालामुखीच्या तोंडात साठलेले आहे, असे आपल्याकडे पुष्कळजण आजही सांगतात. त्यांना हसण्याचे कारण नाही. भूशास्त्राचे मोठमोठे पंडितही दीर्घकाळ तेच म्हणत होते, आणि तसे म्हणायला त्यांच्याजवळ कारणेही होती. ती कारणे कोणती, आणि ती कशी कोसळली, हे विवराच्या काठाने पायी फिरले म्हणजे पुस्तकापेक्षा चांगले कळते.

बुलढाणा जिल्ह्यातील मेहकरहून लोणारकडे जाताना दोन्ही बाजूंना सपाट काळी शेते दिसतात. व्हेसुव्हियससारख्या ज्वालामुखीचे तोंड पाहायचे तर आधी अख्खा डोंगर चढावा लागतो. येथे डोंगरच नाही. गावाजवळ जमीन किंचित चढते, फार तर वीस-तीस मीटर, आणि मग एकाएकी पायाखालची भुईच संपते. समोर सुमारे १,८३० मीटर व्यासाचा, जवळजवळ अचूक गोल असा खड्डा, सुमारे १४० मीटर खोल, आणि तळाशी हिरवट पाणी. तो लहानसा चढ ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम आहे.

सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ साली या जागेची नोंद केली. पुढे जे अभ्यासक आले त्यांनी भोवती पाहिले, तर जिकडेतिकडे काळा पाषाण, म्हणजे बसाल्ट, अर्थात थिजलेला लाव्हा. अशा मुलखातील खड्डा ज्वालामुखीचाच असणार, हा तर्क सहज होता. डोंगर नसणे ही अडचणही मोठी नव्हती. जमिनीखालच्या पाण्याला तप्त शिलारसाचा स्पर्श झाला की वाफेचा स्फोट होतो आणि सपाट रानातही गोल खड्डा पडतो. जर्मनीच्या आयफेल भागात अशी तळी आहेत. गिल्बर्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८९६ साली लोणारचे ॲरिझोनातील विवराशी असलेले साम्य हेरले खरे. पण ॲरिझोनाचे विवरही वाफेच्याच स्फोटाचे, असा निष्कर्ष त्याने काढला. तुलना बरोबर, उत्तर चूक! असे परीक्षेत आपलेही होतेच.

आता काठाने चालू लागावे. पूर्ण परिक्रमा पावणेसहा किलोमीटरांच्या आसपास भरते. मात्र वाट सरळ नाही, झुडपे आणि ओहोळ चुकवीत जावे लागते, म्हणून वेळेचा हिशेब सढळ हाताने करावा. दख्खनच्या लाव्ह्याचे थर साधारणतः आडवे, एकावर एक चवड रचल्यासारखे असतात. विवराच्या उतारात असे पाच-सहा थर उघडे पडलेले दिसतात. पण अगदी काठाशी पाहावे : तेथे थर आडवे राहिलेले नाहीत. ते वर उचलले जाऊन बाहेरच्या बाजूला कलले आहेत, काही जागी तर पार उलटले आहेत. आरंभीचा तो लहानसा चढ म्हणजे हेच उचललेले थर आणि त्यांवर पडलेला आतला राडारोडा. हा राडारोडा काठापासून सव्वा-दीड किलोमीटरपर्यंत पसरलेला आहे.

तरीही एवढ्याने निकाल लागत नाही; वाफेचा स्फोटही दगड उडवतोच. निकाल लागला तो तळाच्या पोटातून. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी सरोवराच्या तळाला छिद्रे घेतली. सुमारे शंभर मीटर गाळाखाली पिचलेल्या, चुरडलेल्या बसाल्टाचा थर लागला, आणि त्यात मॅस्केलिनाइट सापडले. फेल्स्पार या खनिजावर लाखो वातावरणांइतका दाब क्षणमात्र पडला, तर ते न वितळताच काचेसारखे होते. ते हे मॅस्केलिनाइट. इतका दाब कोणत्याही ज्वालामुखीच्या आवाक्यातला नाही. तो अवकाशातून अतिवेगाने येऊन आदळणाऱ्या पाषाणाचाच. १९७३ साली 'सायन्स' या साप्ताहिकात हे प्रसिद्ध झाले आणि लोणार उल्काविवर ठरले. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. विवर त्या मानाने कालचे. नेमके कधीचे, यावर मात्र तंटा आहे : एका पद्धतीने वय सुमारे ५० हजार वर्षे निघाले, तर २०११ साली दुसऱ्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार. बसाल्टात पडलेली आणि इतकी शाबूत राहिलेली विवरे जगात फार थोडी, म्हणून चंद्र आणि मंगळ यांचा अभ्यास करणारेही येथे येतात.

लवणासुराच्या कथेत भगवान विष्णू दैत्याच्या भुयारावरचे झाकण पायाच्या अंगठ्याने उडवतात. झाकण उडाले, एवढ्यापुरते पुराण आणि भूशास्त्र यांचे एकमत आहे म्हणायचे. त्या दैत्यसूदनाचे कोरीव देऊळ गावात आहे आणि ते चुकवू नये.

खाली उतरायला ईशान्य काठावरच्या बारमाही धारेजवळून वाट आहे. धारेचे पाणी गोड. आधी सागाचे रान लागते, मग बाभळी, मोर ओरडत असतात, आणि पाण्याजवळ आले की कुजकट वास नाकात शिरतो. तळ्याला बाहेर जायला वाट नाही. येणारे पाणी केवळ उन्हाने आटते आणि क्षार मागे राहतात. त्यांत नुसते मीठ नव्हे, सोडाही भरपूर आहे. त्यामुळे पाणी साबणासारखे बुळबुळीत लागते. या पाण्यात मासा सहसा जगत नाही. सूक्ष्म जीव मात्र सुखाने नांदतात. जून २०२० मध्ये त्यांच्यातल्याच एका क्षारप्रिय जातीने सारे तळे गुलाबी केले होते. काठावर कमळजादेवीचे देऊळ आणि पडझड झालेली आणखी कितीतरी देवळे आहेत.

२००० साली हा परिसर अभयारण्य झाला, आणि २०२० साली रामसर यादीत गेला. पण ज्या राडारोड्यात आघाताची साक्ष आहे तो बराचसा बाहेर, गावाखाली आणि शेतांखाली आहे. तेथे पाया खणला, मुरूम उचलला, की त्या साक्षीचे एक पान जाते. सहलीला आलेली मंडळीही एखादा 'उल्केचा दगड' खिशात घालतात. तो दगड बहुधा साधा बसाल्ट असतो; कधी आघाताने वितळलेल्या काचेचा कण असला, तर कोणत्या जागी आणि कोणत्या थरात होता हे हरवल्यावर अभ्यासकाला त्याचा उपयोग राहत नाही.

जायचे तर हिवाळ्यात, सकाळी लवकर. उतरताना वाटते त्यापेक्षा चढ दमवतो, आणि तळाशी प्यायला पाणी मिळेल या भरवशावर राहू नये. काठाच्या उत्तरेला सुमारे सातशे मीटरांवर अंबर तळे नावाचा उथळ, बहुधा कोरडा खळगा आहे. तो उल्केच्या तुकड्याने पडला की नाही, याबद्दल भूशास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही.