नवा प्लग घेण्यापूर्वी मागची तार पाहा



खोडव्याच्या पाहणीसाठी आम्ही एका वस्तीवर गेलो होतो. ऊन चांगलेच तापले होते. काम आटोपल्यावर मालकांनी आग्रहाने घरात बसविले. ताक काढण्यासाठी वहिनी फ्रीजकडे निघाल्या आणि जाता जाता त्यांनी दारातली रबरी चप्पल पायात घातली. स्वयंपाकघरात चप्पल पाहून आम्ही सहज विचारले, तर त्या म्हणाल्या, "साहेब, फ्रीजला हात लावला की मुंग्या येत्यात. चप्पल असली म्हंजी काय वाटत न्हाई. पोरांनाबी तसंच सांगून ठेवलंय."

आमची तहान तिथेच गेली.

चौकशी केली तेव्हा समजले की फ्रीज उसाच्या बिलातून घेतलेला. आधी तो सोप्यात होता. नंतर स्वयंपाकघरात नेला, पण तिथे प्लग नव्हता. मग ओळखीच्या एका मुलाने दिव्याच्या बोर्डावरून दोन तारा ओढल्या आणि तीन भोकांचा प्लग बसवून दिला. भोके तीन, तारा दोन! वरचे मोठे भोक नुसते शोभेला. मालक म्हणाले, "अर्ध्या तासाचं काम ते. त्यात काय बघायचं?"

त्यात काय बघायचे, हेच आज सांगावयाचे आहे. आम्ही शेतकी पदविकेची माणसे, विजेचे आमचे ज्ञान पंपापुरते. पण गटातून फिरताना असे प्लग घरोघर दिसतात. म्हणून कारखान्याच्या विद्युत विभागातील जुन्या, जाणत्या तारतंत्रींजवळ बसून माहिती विचारून घेतली, ती पुढे देत आहोत.

आमचीच एक चूक

दुसऱ्याला सांगण्याआधी स्वतःचे सांगितलेले बरे. आमच्या घरी ओटा नवा केला तेव्हा मिक्सरचा प्लग चार फूट सरकवावा लागला. एवढ्यासाठी माणूस कशाला, असे म्हणून आम्हीच जुन्या तारेला पीळ मारून नवी तार जोडली, वर चिकटपट्टी गुंडाळली आणि गिलाव्यात बुजवून टाकली. वर्षभर ठीक चालले. पुढे त्याच प्लगवर पाणी तापवायची कांडी लावू लागलो. एका सकाळी भिंत गरम लागली आणि जळका वास आला. फोडून पाहिले तर सांध्यापाशी तारेचे आवरण कोळसा झालेले. ओट्याशेजारीच गॅसची टाकी होती. त्या दिवशी वास वेळेवर आला, एवढेच.

आधी बोजा मोजा

बागेत सरी वाढविताना पाट तेवढे पाणी देईल का, हे आपण पाहतो. प्लगचेही तसेच आहे. नव्या प्लगने वीज वाढत नाही, फक्त मागच्या तारेवरचा बोजा वाढतो.

घरात दोन प्रकारचे प्लग असतात. लहान प्लग ६ अँपिअरचा. जुनी माणसे त्याला ५ अँपिअरचा म्हणतात. मोठा १६ अँपिअरचा, म्हणजे पूर्वीचा १५ चा. घरातील दाब २३० व्होल्ट धरला तर लहान प्लग फार तर १३८० वॅट आणि मोठा ३६८० वॅट पेलतो. आता वस्तूंवर लिहिलेले आकडे वाचा. टीव्ही, मोबाईलचा चार्जर, पंखा यांची काळजी नाही. मिक्सर साधारण ५०० ते ७५० वॅटचा, इस्त्री ७५० ते १००० ची. पाणी तापवायची कांडी १००० ते १५००, विजेची शेगडी आणि गिझर २००० किंवा त्याहून जास्त. म्हणजे शेगडी आणि गिझर लहान प्लगवर चालवावयाचेच नाहीत. मोठी पिन लहान प्लगात बसविणारा जोड बाजारात मिळतो, पण त्याने पिन बसते, तार जाड होत नाही.

दिव्याच्या बोर्डाला बहुधा १ किंवा १.५ चौरस मिलिमीटरची तार असते. तिच्यावरून मोठा प्लग घेऊ नये. मोठ्या प्लगला मुख्य बोर्डापासून स्वतंत्र तांब्याची तार आणावी. ती निदान २.५ चौरस मिलिमीटरची असावी. गिझरसाठी किंवा अंतर लांब असेल तर ४ ची घ्यावी. जुन्या घरांत ॲल्युमिनियमच्या तारा आहेत. त्यांना तांब्याची तार नुसती पीळ मारून जोडली की सांधा कालांतराने सैल होतो आणि तापतो. अशा घरात त्या प्लगपुरती सगळीच तार बदललेली बरी.

वस्तीवरच्या सभासदांना आणखी एक विनंती. पंपाच्या पेटीतून घराला तार ओढू नका. तिथे दोन फेजांमध्ये ४०० व्होल्टच्या आसपास दाब असतो. जोडताना एक तार चुकली तर घरातल्या वस्तू जळतील आणि माणसाच्या जिवावरही बेतेल.

प्लग कोठे घ्यावा?

ही गोष्ट घरातील बाईमाणसांना विचारून ठरवावी. यंत्राजवळ दिवसभर वावर त्यांचा असतो, आणि प्लगची जागा मात्र आपण पुरुष खडूने रेघ मारून ठरवितो.

ओट्यावरचा प्लग ओट्यापासून वीतभर वर असावा, पण शेगडीच्या वर नसावा आणि मोरी व नळापासून हातभर तरी लांब असावा. न्हाणीघरात गिझरचा प्लग पाण्याचे शिंतोडे पोचणार नाहीत इतका उंच घ्यावा आणि त्याचे बटण बाहेर ठेवावे. कपडे धुण्याचे यंत्र परसात असेल तर प्लगला झाकणाची पेटी हवी. लहान मुलांच्या घरात खालच्या उंचीचे प्लग टाळावेत, नाही तर आतून पडदा असलेले घ्यावेत.

भिंत खोदताना तारेची नळी सरळ उभी किंवा सरळ आडवी न्यावी, तिरपी नको. प्लगच्या वर किंवा आडव्या ओळीत तार आहे हे पुढे कोणालाही समजते. तिरपी नेली तर पाच वर्षांनी कोणी तरी फोटोसाठी खिळा ठोकतो आणि तो नेमका तारेत बसतो. सिमेंटच्या खांबाला आणि तुळईला छिन्नी लावू नये. मातीची किंवा दगडी भिंत असेल तर खोदूच नये, वरून पट्टी किंवा नळी मारावी. वस्तीवर उंदीर फार, तेव्हा उघडी तार नकोच.

जुना प्लग हलविला तर त्याच्या तारा चिकटपट्टी लावून गिलाव्यात पुरू नयेत. बोर्डापासूनच सोडवाव्यात, नाही तर तिथे पेटी ठेवून वर झाकण बसवावे. सांधा नेहमी उघडून पाहता आला पाहिजे.

तिसरी तार जिवाची

प्लगसमोर उभे राहिले की वरचे मोठे भोक अर्थिंगचे, उजवीकडचे फेजचे आणि डावीकडचे न्यूट्रलचे. पिनीचा अर्थिंगचा खिळा जाड आणि लांब का असतो? घालताना तो सर्वांत आधी टेकावा आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावा म्हणून. यंत्रातील वीज पत्र्यावर उतरली तर ती या वाटेने जमिनीत जाते. ही वाटच नसली तर ती पत्र्यावर वाट पाहत थांबते आणि हात लावणाऱ्या माणसातून जाते. वहिनींच्या मुंग्या म्हणजे हेच होते. ओला हात, ओली फरशी आणि अनवाणी पाय एकत्र आले की मुंग्यांचा जबर धक्का व्हायला वेळ लागत नाही.

काही जण हिरवी तार नळाला बांधतात. पूर्वी नळ लोखंडी होता, आता प्लॅस्टिकचा झाला. तिथे बांधलेली तार कोठेच जात नाही. काही जण ती न्यूट्रलला जोडतात, ते तर अधिक वाईट. न्यूट्रल कोठे तुटली तर फ्रीजचा सगळा पत्राच जिवंत होतो. अर्थिंगचा खड्डा स्वतंत्र घ्यावा आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालावे. आपण उसाला पाळी चुकू देत नाही. दारातल्या खड्ड्याला चार बादल्या जड नाहीत.

यासोबत मुख्य बोर्डावर दोन वस्तू हव्यात. एमसीबी बोजा वाढला की बंद पडते आणि तारेला वाचविते. आरसीसीबी ३० मिलिअँपिअरची घ्यावी. गळती होताच ती वीज तोडते आणि माणसाला वाचविते. तिच्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. ती वारंवार पडते म्हणून काढून टाकणे किंवा फ्यूजमध्ये जाड तार भरणे म्हणजे राखणीचे कुत्रे भुंकते म्हणून सोडून देण्यासारखे आहे.

काम करून घेताना

परवानाधारक तारतंत्रीकडूनच काम करून घ्यावे. "लाइट गेली आहे तोवर उरकून घेऊ" असे कधीही म्हणू नये, कारण गेलेली वीज सांगून येत नाही. मेन स्विच बंद करावा आणि त्याजवळ घरातले एक माणूस उभे करावे. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करावा. मेन बंद असला तरी इन्व्हर्टरची वीज तारांत खेळत असते. पुष्कळांना हे ध्यानात राहत नाही. काम झाल्यावर झाकण लावण्यापूर्वी स्वतः पाहावे की प्लगमागे तीन तारा आहेत आणि बटण फेजवरच बसविले आहे. अर्थिंगही यंत्राने मोजून घ्यावी.

त्या वस्तीवर आम्ही ताक न पिताच आधी फ्रीजची पिन काढायला लावली. आठवड्यात त्यांनी खड्डा घेतला आणि मुख्य बोर्डापासून तीन तारांचा नवा प्लग बसविला. पुढच्या फेरीला गेलो तेव्हा वहिनींनी अनवाणी पायांनी फ्रीज उघडून ताक दिले. म्हणाल्या, "आता न्हाई येत मुंग्या. पर इतके दिस आमाला वाटायचं, फ्रीज म्हंजी असंच असतंय."

आपल्याही घरी कोणी असेच समजून चालले आहे का, हे आज संध्याकाळी विचारावे. मुंग्या येत असतील तर बटण बंद करून पिन काढून ठेवावी आणि तारतंत्रीस बोलवावे, ही सर्व सभासदांना विनंती.

— ऊस विकास अधिकारी