गेम कुणासाठी किती कठीण?

▪ ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’ हा व्हिडिओ गेम जपानमध्ये १९८६ साली आला. अमेरिकेसाठी तो फार अवघड ठरला. तिथे १९८८ मध्ये त्याच नावाने वेगळाच गेम विकला गेला.

▪ ‘कॉन्ट्रा : हार्ड कोअर’चे (१९९४) उलटे. जपानी आवृत्तीत तिसऱ्या फटक्याला जीव जातो, अमेरिकी आवृत्तीत पहिल्याच.

▪ अमेरिकेत गेम भाड्याने मिळत. शनिवार-रविवारात संपू नयेत म्हणून काही मुद्दाम कठीण केले जात.

▪ अवघड गोष्टीचे मोल आपल्या देशी बुद्धिबळातही होते : प्याद्याने दिलेली मात विशेष मानाची.

▪ सांगलीत भाऊसाहेब पडसळगीकरांनी बुद्धिबळपटूंच्या पिढ्या घडवल्या. गेम असो वा बुद्धिबळ, मुलांनी अवघड डावाला जरूर भिडावे. सोप्या पातळीपासून सुरुवात करण्यात मात्र कमीपणा नाही.